जुनी डिझेल गाडी तपासायला घेण्याआधीची तयारी

आदल्या संध्याकाळीच गाडी तपासायच्या जागी लावा आणि सकाळपर्यंत तिला चावी लावू नका. सकाळी घरून चालवत गॅरेजला नेली की इंजिन गरम झालेलं असतं. ते अर्ध्या सेल्फमध्ये उठतं, पांढरा धूर निघून गेलेला असतो, मिसिंग थांबलेलं असतं, आणि मग अंदाजाने नोझल (डिझेल फवारणारे इंजेक्टर) उतरवली जातात. थंड इंजिनाचा पहिला सेल्फ दिवसातून एकदाच मिळतो. तो वाया घालवू नका. सातारा शहरात अनेक घरं चढावर आहेत, तिथे रात्रभर गाडीचं तोंड कुठल्या बाजूला होतं तेही टिपून ठेवा. तोंड चढाकडे असताना सकाळी दहा सेल्फ आणि उताराकडे असताना एका सेल्फमध्ये सुरू, असं होत असेल तर डिझेलची लाइन कुठेतरी एअर घेतेय. रात्रीत डिझेल टाकीकडे उतरतं. अशा गाडीचा पंप उतरवण्याआधी दोनशे रुपयांचा पाइप बघायला हवा.

इंजिन धुऊन आणू नका. गळती कुठून सुरू होते हे तेलाच्या ओघळावरूनच कळतं, आणि प्रेशरचं पाणी कनेक्टरमध्ये शिरून नवीन दोष तयार करतं. बॅटरीची टर्मिनल काढू नका आणि स्कॅनरने कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले दोषांचे नंबर, पुसू नका. आधी सगळे कोड आणि त्यासोबत साठवलेले आकडे, म्हणजे आरपीएम, कूलंटचं तापमान, रेल प्रेशर (सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या सामाईक पाइपातला दाब), वहीत उतरवा. एक गोष्ट लक्षात असू द्या: 'रेल प्रेशर कमी' असा कोड आला म्हणजे पंप गेला असं नाही. तुंबलेला फिल्टर, हवा, जास्त रिटर्न मारणारा, म्हणजे जास्त डिझेल टाकीकडे परत सोडणारा इंजेक्टर, चिकटलेला प्रेशर व्हॉल्व्ह, या सगळ्यांचा कोड तोच.

सामान आदल्या दिवशीच जमवा. मल्टीमीटर, बॅटरी, डिझेल लाइनच्या मापाची पारदर्शक नळी मीटरभर, क्लॅम्प, झाकणाचा कॅन आणि त्यात दोन-तीन लिटर ताजं डिझेल, काचेची बरणी, नवीन डिझेल फिल्टर त्याच्या ओ-रिंगांसकट, एकसारख्या मापाच्या चार छोट्या बाटल्या आणि इंजेक्टरच्या रिटर्नला बसतील अशा चार नळ्या. चष्मा आणि हातमोजे हवेतच. शिवाय इनटेकच्या (इंजिनात हवा शिरते त्या) तोंडावर दाबून धरता येईल अशी सपाट जाड फळी. ती कशाला, ते पुढे येईल.

सुरुवात बॅटरीपासून. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, नाहीतर पुढची सगळी मापं फसवी निघतील. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली जायला नको. कॉमन रेल गाडीत (सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक पाइपातून डिझेल मिळतं अशा) ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, पुरेसे व्होल्ट आणि इंजिनाला पुरेसा वेग मिळाला नाही तर इंजेक्शनच होत नाही, आणि सेल्फ फिरतोय म्हणून सगळे डिझेलच्या मागे लागतात. बॅटरी चांगली असूनही सेल्फ जड फिरत असेल तर मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिन ब्लॉकवर ठेवून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी खराब आहे. जुन्या गाड्यांत ती गंजून हिरवी पडलेली असते.

हीटर प्लग (थंड इंजिन सुरू व्हायला सिलिंडर तापवणारे) ओहमवर तपासा. वायर काढून प्लग आणि ब्लॉक यांच्यात साधारण अर्धा ते दीड ओहम आला तर प्लग जिवंत, काहीच आलं नाही तर मेलेला. प्लग चांगले आणि वायरला करंट नाही, तर रिले किंवा फ्यूज. प्लग बॅटरीला थेट जोडून लाल करून बघायची पद्धत १२ व्होल्टच्या प्लगपुरती ठीक, पण कमी व्होल्टचे प्लग त्यात जळतात. अंगावरचा आकडा वाचल्याशिवाय जोडू नका. आणि हीटर प्लगच्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मारू नका, इनटेकमध्येच भडका उडतो, रिंगा आणि पिस्टन फुटतात.

आता डिझेल. फिल्टरच्या खालचा ड्रेन सैल करून कपभर डिझेल बरणीत घ्या आणि पंधरा-वीस मिनिटं हलवू नका. पाणी तळाला बसून वेगळी रेघ दिसते. तळाला काळा चिकट गाळ असेल तर टाकी उतरवून साफ करायची तयारी ठेवा. बरणीत चकाकणारी धातूची भुकटी दिसली तर मात्र काम तिथेच थांबवा. पंप आतून झिजतोय आणि ती भुकटी रेल-इंजेक्टरपर्यंत गेलेली असू शकते. सांगली भागात जुनी गाडी घेतली असेल तर हे तपासणं टाळूच नका. २००५ आणि २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी शहरात घुसलं होतं, आणि पाण्यात बुडालेल्या गाडीच्या टाकीचा तळ आणि चेसिसवरचे कनेक्टर आतून गंजत राहतात.

मग फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळी जोडा. सुरू करून एक-दोन मिनिटांनी नळीत बुडबुडे येतच राहिले तर एअर आहे. कुठून येतेय ते शोधायला टाकीची लाइन काढून कॅनमधून थेट डिझेल द्या. बुडबुडे थांबले तर दोष टाकी आणि फिल्टर यांच्यामधल्या लाइनचा. फिल्टरही वगळून कॅन जोडल्यावर थांबले तर दोष फिल्टरचा. फिल्टर बदलताना जुनी ओ-रिंग परत बसवली, किंवा खालचा पाण्याचा सेन्सर वाकडा घट्ट केला, की हाच त्रास सुरू होतो.

रिटर्न टेस्टला वेळ द्या, कारण सर्वांत जास्त पैसे इथेच वाचतात. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढून बाटल्यांत सोडा, काढलेल्या मूळ लाइनचं तोंड बंद करा, इंजिन आयडलवर दोन मिनिटं चालवा आणि बाटल्या शेजारी शेजारी ठेवा. तिघांत सारखं आणि चौथ्यात दुप्पट असेल तर तो इंजेक्टर आतून गळतोय, रेल प्रेशर तोच खातोय. गाडी सुरूच होत नसेल तर नुसत्या सेल्फवर करा. अशा वेळी चांगल्या इंजेक्टरमधून जेमतेम थेंब येतात. ही टेस्ट सोलेनॉइड (विजेच्या चुंबकाने उघडणाऱ्या) इंजेक्टरची आहे, पीझोवर (क्रिस्टलने उघडणाऱ्यांवर) अशी करू नका. आणि कॉमन रेलवर चालू इंजिनात जाड हाय प्रेशर पाइपचा नट कधीही सैल करायचा नाही. आत हजार बारपेक्षा जास्त दाब चढू शकतो. सुईएवढी धार हातमोज्यातून कातडीत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट कापायची वेळ येते. तसं झालं तर मलमपट्टी न करता लगेच सर्जन गाठा. गळती शोधायला हात नको, पुठ्ठा फिरवा. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत नट सैल करून बंद सिलिंडर ओळखतात, ती सवय इथे आणू नका.

धूर बघायला सायलेन्सरमागे एक माणूस उभा करा. पांढरा आणि डोळे चुरचुरणारा, कच्च्या डिझेलचा वास असेल तर हीटर प्लग, कॉम्प्रेशन किंवा टायमिंग. पांढरा, गोडसर वासाचा आणि कूलंट कमी होतंय, तर हेड गॅस्केट. निळा म्हणजे ऑइल. काळा म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. काळ्या धुराला लगेच नोझलवर खापर नको, आधी एअर फिल्टर उघडा. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉल्यांमागची धूळ आणि पाचट जाळल्याची काजळी यांनी फिल्टर ठरलेल्या किलोमीटरच्या बराच आधी भरतो. त्यानंतर टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) ते इनटेक होज बोटाने चाचपा, खालच्या अंगाला ऑइलचा ओला डाग आणि चीर सापडते. शेताकडेला उभ्या गाडीत व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या उंदीर कुरतडतात, त्या तुटल्या की टर्बो आणि ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) दोन्ही बिघडल्यासारखे वागतात.

डिपस्टिक मात्र सकाळचा पहिला सेल्फ मारण्याआधीच बघा. ऑइल वाढलंय आणि डिझेलचा वास येतोय, तर इंजिन सुरूच करू नका. पातळ ऑइलने बेअरिंग जातात, आणि तेच ऑइल इनटेकमधून ओढलं गेलं तर इंजिन चावी काढली तरी पळत राहतं. अशा वेळी ती फळी इनटेकच्या तोंडावर दाबायची. हात किंवा चिंधी नाही, आत ओढली जाते. गिअरची गाडी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून, वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून बंद पाडायची.

ऑइलचं झाकण काढल्यावर धूर भसाभस आला की 'बॅक कॉम्प्रेशन (रिंगांमधून दाब खाली गळतोय), इंजिन बांधा' असा निकाल दिला जातो. आधी ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर काढणारी नळी) साफ करा, तुंबलेल्या ब्रीदरनेही असंच होतं. मग डिझेलचा कॉम्प्रेशन गेज लावा. पेट्रोलचा गेज इथे पुरत नाही. साधारण २० ते ३० बार यायला हवेत, पण चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ असणं जास्त महत्त्वाचं.

रस्त्यावरची चाचणी शेवटी. स्कॅनरवर लाइव्ह डेटा (चालत्या गाडीचे आकडे) लावून, चार माणसं बसवून, साताऱ्यात समर्थ मंदिराकडून यवतेश्वर घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढवा. सपाट हायवेवर न दिसणारी रेल प्रेशरची घसरण इथे दिसते: मागितलेला आकडा चढतो आणि प्रत्यक्षातला मागे राहतो.

इंजेक्टर काढायचेच ठरले तर प्रत्येकावर सिलिंडर नंबर लिहा, अंगावर कोरलेला कोड असेल तर त्याचा फोटो घ्या, दोन्ही तोंडांना स्वच्छ टोपण लावा आणि तांब्याचे वॉशर नवीन आणा. इंजेक्टर पंप-लॅबमध्ये (पंप आणि इंजेक्टर दुरुस्त करतात तिथे) देताना टेस्ट बेंचवरचे दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे आकडे लेखी मागा, आणि बसवल्यावर इंजेक्टरवरचा कोड ईसीयूमध्ये भरून घ्या.