स्पीड टेस्टचे आकडे कसे वाचावेत

घरच्या इंटरनेटची स्पीड टेस्ट केली की नजर डाउनलोडच्या मोठ्या आकड्यावर जाते. परंतु पुरेसा वेग असूनही व्हिडिओ कॉल अडकत असेल, तर त्याचे कारण बहुधा शेजारच्या लहान आकड्यांत सापडते.

आधी एकक पाहावे. टेस्ट वेग मेगाबिटमध्ये सांगते, तर ब्राउझर उतरणारी फाइल मेगाबाइटमध्ये मोजतो. एका बाइटमध्ये ८ बिट असल्यामुळे १०० एमबीपीएसच्या (म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटच्या) प्लॅनवर फाइल सेकंदाला सुमारे १२ मेगाबाइट वेगाने उतरत असेल, तर तक्रारीला जागा नाही.

वाय-फायवर केलेली टेस्ट लाइनइतकीच वाय-फायचीही परीक्षा असते, म्हणून लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडून पुन्हा मोजावे. केबलवर वेग पूर्ण आणि वाय-फायवर निम्मा असेल, तर राउटरची जागा बदलावी किंवा जवळच्या उपकरणांसाठी २.४ऐवजी ५ गिगाहर्ट्झचा बँड वापरावा. प्लॅन २०० एमबीपीएसचा असूनही केबलवर आकडा ९४-९५वरच थांबत असेल, तर कुठेतरी १०० एमबीपीएसची जोडणी झाली आहे, असे जवळपास खात्रीने म्हणता येते: राउटरचा पोर्ट जुना असतो किंवा केबलच्या आठ तारांपैकी एखादी तुटलेली असते. अशा वेळी कंपनीला फोन करण्याआधी केबल बदलून पाहावी.

पिंग म्हणजे डेटा सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास लागणारा वेळ. तो लाइन मोकळी असतानाचा आणि डाउनलोड-अपलोड चालू असतानाचा, असा दोन्ही पाहावा; माझ्या मते संपूर्ण निकालात सर्वांत बोलका आकडा हाच आहे. मोकळ्या लाइनवर १० मिलिसेकंद असलेला पिंग अपलोडच्या वेळी ३००वर जात असेल, तर राउटरमध्ये डेटाची रांग साचते आहे, आणि फोनमधील फोटोंचा बॅकअप सुरू होताच कॉलमधला आवाज तुटण्याचे कारण तेच आहे. राउटरच्या क्यूओएस, म्हणजे कोणत्या डेटाला किती वाट द्यायची ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगापेक्षा थोडी कमी ठेवल्यास ही रांग बहुधा आटोक्यात येते. जिटर, म्हणजे पिंगमधील चढउतार, जितका कमी तितका चांगला. पॅकेट लॉस, म्हणजे वाटेत हरवणारा डेटा, मात्र शून्यच हवा.

टेस्ट अनेकदा जवळचा, कधी कंपनीच्याच नेटवर्कमधला सर्व्हर निवडते आणि निकाल प्रत्यक्षाहून चांगला दिसतो, त्यामुळे दुसरा सर्व्हर निवडूनही मोजावे. रात्री गर्दीच्या वेळी आणि पहाटे केबलवर घेतलेल्या निकालांचे स्क्रीनशॉट वेळेसह जपून ठेवावेत. तक्रार नोंदवताना तेच जोडावेत.