एक जोशी, दुसरे विष्णू

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका मराठी वाचनालयाची संगणकावरची पुस्तकसूची जावा ही प्रोग्रामिंगची भाषा आणि हायबरनेट सर्च हे तिच्यासाठीचं शोधाचं साधन यांवर चालते. ग्रंथपाल काकांची तक्रार होती, "अरे, विष्णू जोशी शोधलं की भलतंच पुस्तक येतं!" ते पुस्तक विष्णू कुलकर्णी आणि माधव जोशी या दोघांनी मिळून लिहिलेलं.

पुस्तक या ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे प्रोग्राममधल्या नोंदीत, लेखकांची यादी, प्रत्येकाला नाव आणि आडनाव. इंडेक्समध्ये, म्हणजे शोधासाठी बनवलेल्या सूचीत, मात्र ती सपाट होते: एका फील्डमध्ये (रकान्यात) सगळी नावं, दुसऱ्यात सगळी आडनावं. कोणतं नाव कोणत्या आडनावाचं, हे तिथे उरतच नाही. नावांत विष्णू आहे, आडनावांत जोशी आहे, झालं!

उपाय असा: लेखकांवरच्या इंडेक्सेडएम्बेडेडमध्ये, म्हणजे पुस्तकाबरोबर लेखकही इंडेक्समध्ये घालणाऱ्या खुणेत, स्ट्रक्चर 'नेस्टेड' (आत आत ठेवलेलं) केलं. आता प्रत्येक लेखक ल्युसीनमध्ये, म्हणजे खाली प्रत्यक्ष शोध घेणाऱ्या इंजिनात, वेगळं, लपलेलं डॉक्युमेंट होतो. एवढ्यानं भागत नाही. क्वेरीतही (शोधाच्या प्रश्नातही) नाव आणि आडनाव या दोन्ही अटी एकाच नेस्टेड प्रेडिकेटमध्ये, म्हणजे एकाच लेखकाला लागू होणाऱ्या अटींच्या गटात, घालाव्या लागतात, आणि जुना इंडेक्स पाडून मास इंडेक्सरनं, म्हणजे सगळ्या नोंदी एकदम इंडेक्स करणाऱ्या साधनानं, पुन्हा बांधावा लागतो. नेस्टेडमुळे डॉक्युमेंटं वाढतात, म्हणून सरसकट वापरू नये; विषयांच्या यादीला सपाटच बरं.

जाता जाता अ‍ॅनालायझरमध्ये, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणाऱ्या भागात, हिंदी नॉर्मलायझेशन फिल्टरही लावला. तो ऱ्हस्व-दीर्घ एकच धरतो, म्हणजे 'विष्णु' टाइप केलं तरी विष्णू सापडतात. दाखल अंकाला (पुस्तकाच्या नोंदणी क्रमांकाला) मात्र कीवर्ड फील्ड, म्हणजे अख्खा मजकूर जसाच्या तसा धरणारं; तिथे तुकडे नकोत. काकांची पुढची मागणी आलीच आहे: गुजराती पुस्तकंही त्याच खिडकीत शोधता यावीत.