यॉर्कीचं पिल्लू वाढवताना या चुका टाळा

यॉर्कशायर टेरियरचं पिल्लू घरी आणणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हा एवढाच राहणार ना?" दोन महिने गेले की तोच माणूस काळजीने विचारतो, "हा वाढत का नाहीये?" आमचा गुंड्या आला तेव्हा मीही हे दोन्ही प्रश्न विचारले होते. आज तो पाच वर्षांचा आहे. दरम्यान यॉर्की पाळणाऱ्या बऱ्याच घरांशी ओळख झाली आणि त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसल्या. त्यातल्या काही पिल्लाच्या जिवावर बेततात, म्हणून हे लिहितोय.

"टीकप" या शब्दाला भुलणं

चहाच्या कपात मावेल एवढं छोटं कुत्रं म्हणून विकतात ती "टीकप यॉर्की" अशी जात नाही आणि उपजातही नाही. ब्रिटनचा केनेल क्लब, अमेरिकन केनेल क्लब किंवा आपला केनेल क्लब ऑफ इंडिया, कोणाच्याही नोंदीत हा शब्द सापडणार नाही. मानकात, म्हणजे जात कशी असावी याच्या अधिकृत वर्णनात, यॉर्की एकच आणि त्याचं वजन जास्तीत जास्त 3.2 किलो, म्हणजे सात पौंड. त्याहून फारच लहान असल्याचं सांगून जे विकलं जातं, ते पुष्कळदा अशक्त, अर्धपोटी ठेवलेलं किंवा वय वाढवून सांगितलेलं पिल्लू असतं. पाच आठवड्यांचं पिल्लू "दोन महिन्यांचं आहे, बघा किती छोटं" म्हणून हातात ठेवलं तर नवख्याला काय कळणार?

अशा वेळी तोंड उघडून दात बघावेत. दोन महिन्यांच्या पिल्लाला साधारणपणे मागच्या दाढांसकट सगळे 28 दुधाचे दात आलेले असतात. दाढांच्या जागी नुसती हिरडी दिसली तर वयाबद्दल शंका घ्या. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला आपल्याकडे कुत्र्यांच्या पैदाशी-विक्रीच्या 2017च्या नियमांनुसार बंदी आहे. आईला प्रत्यक्ष बघायचा आग्रह धरा, जमलं तर बापालाही. आईबापांची अंगकाठी बघितली की पिल्लाचा अंदाज येतो.

मात्र तो अंदाजच. 19व्या शतकात स्कॉटलंडहून यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या कापडगिरण्यांत कामाला आलेल्या विणकरांनी आपली टेरियर कुत्री बरोबर आणली. त्यांच्यापासून ही जात घडली. गिरणीतले उंदीर मारणं हे तिचं काम, त्यामुळे ती कुत्री आजच्यापेक्षा अंगाने मोठी होती. जातीचा मूळपुरुष मानला जाणारा हडर्सफील्ड बेन 1865 साली जन्मला. त्याचं वजन पाच किलोच्या आसपास होतं. ते रक्त अजून आहे. एकाच वेतात एक पिल्लू दोन किलोवर थांबतं आणि त्याचा भाऊ चार किलोच्या पुढे जातो. भाऊ मोठा झाला म्हणून तो भेसळीचा ठरत नाही. प्रदर्शनात त्याचा नंबर लागणार नाही, एवढंच.

एकाच दिवसाच्या वजनावरून निष्कर्ष काढणं

इंटरनेटवरच्या तक्त्याशी पिल्लू ताडून बघणारे रोज घाबरतात. बघायचं असतं ते वजन सतत चढतंय का. माझी पद्धत साधी होती. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर परात ठेवायची, आत नॅपकिन अंथरायचा, काटा शून्यावर आणायचा आणि गुंड्याला परातीत बसवायचं. दर रविवारी सकाळी, खाण्याआधी. आकडा कॅलेंडरवर लिहायचा. बाथरूमच्या काट्यावर हे जमत नाही, कारण जन्मतः शंभरेक ग्रॅमच्या या जिवाच्या बाबतीत पन्नास ग्रॅमही मोजावे लागतात.

तीन महिन्यांच्या वजनाची दुप्पट म्हणजे मोठेपणीचं वजन, असा एक ढोबळ आडाखा आहे. थोडं इकडेतिकडे धरून तो बऱ्याचदा जुळतो. पहिल्या सहा महिन्यांत वाढ झपाट्याने होते. आठ-दहा महिन्यांत उंची थांबते, खांद्यापर्यंत साधारण 18 ते 20 सेंटिमीटर. पुढे वर्षापर्यंत अंग थोडं भरतं. वाढीच्या ऐन काळात दोन आठवडे आकडा हललाच नाही, किंवा एकदा जरी खाली आला, तर व्हेटकडे जा.

लहान राहावा म्हणून कमी खायला घालणं

ही सगळ्यात वाईट चूक. कमी खाऊ घातल्याने यॉर्की छोटा राहत नाही, तो आजारी पडतो. या पिल्लांच्या अंगात साखरेचा साठा जवळजवळ नसतोच. चार महिन्यांच्या आतलं पिल्लू काही तास उपाशी राहिलं तरी रक्तातली साखर उतरू शकते.

गुंड्या अकरा आठवड्यांचा असतानाची गोष्ट. रात्री घरात पाहुणे होते, त्या गडबडीत त्याने वाटीला तोंड लावलं नाही आणि आमच्याही लक्षात आलं नाही. सकाळी साडेसहाला तो टोपलीतून उठला, चार पावलं झोकांड्या खात चालला आणि बसला. हाक मारली तर मान वळेना. हिरड्या पांढुरक्या पडल्या होत्या. मी बोटावर मध घेऊन हिरड्यांना चोळला, टॉवेलमध्ये गुंडाळून छातीशी धरला. दहा मिनिटांत डोळे टवटवीत झाले. तरीही त्याला लगेच व्हेटकडे नेलं आणि तुम्हीही न्या, कारण साखर पुन्हा उतरू शकते. मध नसेल तर साखरेचं दाट पाणी चालतं. पिल्लू बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका, ते श्वासनलिकेत जाईल. हिरड्यांवर फक्त चोळा आणि धावा.

चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा खाणं, त्यातलं शेवटचं झोपायच्या आधी. सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा. हे वेळापत्रक घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

दूध-पोळी आणि कॅल्शियमची बाटली

"आमच्याकडे कुत्री दूध-पोळीवरच मोठी झाली" हे प्रत्येक घरातलं मोठं माणूस सांगतं, तेही मायेने. पण गाईम्हशीचं दूध पुष्कळ पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात. आणि एवढ्याशा पोटात पोळी भरली की मांसातल्या प्रथिनांना जागा उरत नाही. पिल्लू बाळसं धरल्यासारखं गोल दिसतं, पण हाडापेराने कच्चं राहतं. लहान जातींच्या पिल्लांसाठीचं चांगलं खाणं द्या. त्यात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं. वरून आणखी कॅल्शियम पाजल्याने उंची वाढत नाही, उलट हाडांची घडण बिघडते. कांद्याची भाजी, चॉकलेट आणि प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे विषारी आहेत. अडीच किलोच्या कुत्र्याला फार थोडे बेदाणेही बाधू शकतात.

"जातच लहान" म्हणून आजार नजरेआड करणं

खाल्लेलं अंगी लागत नसेल तर आधी जंत आठवा. जंताचं औषध पिल्लाचं वजन करूनच द्यायचं. यॉर्कीत आणखी एक जन्मजात दोष तुलनेने जास्त आढळतो. आतड्यातलं रक्त यकृतात न जाता आडवाटेच्या रक्तवाहिनीने पुढे निघून जातं. असं पिल्लू भावंडांच्या मानाने खुरटतं आणि खाल्ल्यावर तरतरीत होण्याऐवजी गुंगतं, लाळ गाळतं, भिंतीला डोकं टेकून उभं राहतं. जेवणाआधी आणि जेवणानंतर पित्ताम्लांची (पित्तातल्या आम्लांची) रक्ततपासणी केली की संशय पक्का होतो. वेळेत कळलं तर बऱ्याच कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करता येते. डोक्यावर टाळू भरली आहे का, हेही पहिल्याच भेटीत व्हेटकडून बघून घ्या.

पाच-सहा महिन्यांनंतर मागचा पाय उचलून चालायला लागला तर "उडी मारताना मुरगळला असेल" म्हणून तेल चोळत बसू नका. या वयात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटण्याचा आजार या जातीत होतो, गुडघ्याची वाटीही सरकते. एक्स-रे काढा. गळ्यातल्या पट्ट्याला दोरी लावून ओढू नका, श्वासनलिका नाजूक असते. हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, वापरा.

सात महिने उलटूनही दुधाचे सुळे पडले नसतील तर ते काढावे लागतात. दात येताना उभे कान पुन्हा पडले तर मात्र काळजी नको, बहुतेकदा परत उभे राहतात. काळ्या पिल्लाचा रंग हळूहळू पोलादी निळा होतो, तोही वाढीचाच भाग आहे.

वर्षानंतरची जाडी ही वाढ समजणं

तीन किलोच्या कुत्र्यावर चढलेले 300 ग्रॅम म्हणजे साठ किलोच्या माणसावर चढलेले सहा किलो. लांब केसांखाली ते दिसत नाहीत. आंघोळीला केस ओले करून अंगाला चिकटले की खरा आकार कळतो. वरून बघताना कंबर दिसायला हवी आणि हलक्या हाताने फासळ्या मोजता यायला हव्यात. गुंड्या 3.6 किलोवर थांबला. मानकापेक्षा जास्त, पण कंबर आहे आणि तिसरा मजला न थांबता चढतो. आता परात महिन्यातून एकदाच निघते. तो मात्र आवाज ऐकून स्वतःच येऊन तीत बसतो.