मंद-जलद प्रणालीतली लिमिट सायकल शोधताना या चुका टाळा

द्विमितीय मंद-जलद प्रणालीत (एक चल झपाट्याने, दुसरं सावकाश बदलतं) लिमिट सायकल, म्हणजे एकटी सुटी बंद कक्षा, शोधताना बहुतेक गफलती क्रिटिकल मॅनिफोल्डच्या (जलद चलाचा वेग शून्य असतो त्या वक्राच्या) घडीपाशी होतात. व्हॅन डर पोल समीकरणाचं हे रूप घेऊ:

एप्सिलॉन·क्ष′ = य − क्ष³/३ + क्ष
य′ = अ − क्ष

एप्सिलॉन छोटा धन आकडा, म्हणून इथे क्ष जलद, य मंद; अ हा आपण बदलायचा प्राचल. घड्या क्ष = ±१ वर, मधली शाखा प्रतिकर्षक, बाहेरच्या दोन्ही आकर्षक. समतोल बिंदू क्ष = अ वर.

आयाम एकदम वाढला म्हणून सबक्रिटिकल हॉफ (समतोल अस्थिर होताच दोलन थेट मोठं होतं असं द्विभाजन) ठरवणं. ही सर्वात महागात पडणारी चूक. एप्सिलॉन ०.०१ ठेवून अ ०.००१ च्या टप्प्यांनी कमी करत गेलात, तर ०.९९९ वर छोटी सायकल दिसते आणि ०.९९८ वर थेट पूर्ण आकाराचं रिलॅक्सेशन दोलन (सावकाश सरकणं, मधेच झटक्याने उडी). उडी वाटते, पण उडी नाही. हॉफ द्विभाजन अ = १ वर होतं आणि ते सुपरक्रिटिकल आहे, म्हणजे सायकल शून्य आकारापासून वाढते. सायकलींची शाखा अखंड असते. फक्त अ ≈ ०.९९८७४ पाशी (ढोबळमानाने १ − एप्सिलॉन/८) ती जवळजवळ उभी चढते. हाच कनार्ड स्फोट; कनार्ड म्हणजे प्रतिकर्षक शाखेला बराच वेळ चिकटून चालणारी कक्षा. त्याची रुंदी एप्सिलॉनच्या घातात नाही, घातांकी रीतीने आक्रसते. म्हणून स्फोटाची जागा आणि हॉफची जागा वेगवेगळी नोंदवा.

टप्पा बारीक केला की कनार्ड सापडेल, ही आशा. सापडत नाही, आणि दोष सॉल्व्हरचा नाही. प्रतिकर्षक शाखेवर चूक घातांकी वेगाने फुगते. मधली शाखा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायची तर एप्सिलॉन ०.०१ असताना वाढ साधारण ई¹³³ पट होते. डबल प्रिसिजनची सापेक्ष चूक १०⁻¹⁶ च्या आसपास, म्हणजे ई³⁷ पट वाढीतच सगळे अंक संपतात. कक्षा क्ष ≈ ०.५ च्या आसपास शाखा सोडते, मग अ कितीही काळजीपूर्वक निवडा. त्यापेक्षा काळ उलटा करा: प्रतिकर्षक शाखा आकर्षक होते. आकर्षक शाखेवरून पुढे आणि प्रतिकर्षक शाखेवरून मागे अशा दोन कक्षा क्ष = १ या रेषेपर्यंत आणा, आणि त्यांच्या य मधलं अंतर शून्य होईपर्यंत अ दुभागत जा. पूर्ण सायकलींची शाखा हवी असेल तर सीमामूल्य प्रश्न म्हणून कोलोकेशनने (ठरावीक बिंदूंवर समीकरण पाळणाऱ्या बहुपदींनी) सोडवा, आणि पुढे सरकताना अ ऐवजी शाखेवरची चापलांबी वापरा.

इम्प्लिसिट सॉल्व्हरवर डोळे झाकून विश्वास. स्टिफ प्रणालीला (जिथे वेगांत प्रचंड तफावत असते) इम्प्लिसिट पद्धत हवीच, पण बॅकवर्ड ऑयलर या सर्वात साध्या इम्प्लिसिट पद्धतीत काळाचा टप्पा मोठा असेल तर प्रतिकर्षक शाखाच आकर्षक भासते: टप्पा गुणिले धन आयगनमूल्य २ च्या वर गेलं की वाढ दबते. मग खोटा कनार्ड मिळतो आणि आकृती इतकी नितळ येते की शंकाही येत नाही. कमाल टप्पा दहापट कमी करून पुन्हा चालवा. कक्षा शाखा सोडून उडाली, तर पहिली आकृती फेकून द्या.

आवर्तकाळाला पहिलं पद पुरेसं मानणं. अ = ० साठी, म्यू = १/√एप्सिलॉन असताना, नेहमीच्या रूपात (क्ष″ − म्यू(१ − क्ष²)क्ष′ + क्ष = ०) आवर्तकाळ (३ − २ लॉग २)·म्यू येतो. लॉग नैसर्गिक. म्यू = १० ला हे १६.१४, प्रत्यक्षात १९.०८. घडीवरून वळताना लागणारा वेळ म्यू⁻¹/³ या प्रमाणात मिळवावा लागतो, आणि तो फार सावकाश घटतो. त्याचा गुणक सुमारे ७.०१, तो धरला की उत्तर १९.४ येतं.