विमानतळावर जीव घाबरा होतो? सोलापूरहून निघताना या चुका टाळा

विमानाची भीती वाटते असं सांगणाऱ्या बऱ्याच जणांशी नीट बोललं की लक्षात येतं, त्यांना उडण्याची फारशी चिंता नसते. चिंता असते त्याच्या आधीच्या दोन-तीन तासांची. कुठल्या दारातून आत जायचं, आपली रांग कुठली, बॅग उघडायला लावली तर काय करायचं, नाव पुकारलं आणि ऐकूच आलं नाही तर? ही सगळी धास्ती गोंधळाची आहे, आणि त्यातला निम्माअधिक गोंधळ आदल्या दिवशी सोलापुरातच, आपल्या घरात तयार होतो. म्हणून "विमानतळावर पोचल्यावर दीर्घ श्वास घ्या" हा सल्ला चांगला असला तरी उशिराचा आहे.

हे आत्ता लिहावंसं वाटलं, कारण आपल्याकडे पहिल्यांदा विमानात बसणारे एकदम वाढलेत. ९ जून २०२५ ला होटगी रोडवरच्या सोलापूर विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं, ऑक्टोबरात मुंबईचं. शिवाय पुणे, मुंबई, हैदराबादहून उडणारे सोलापूरकर आहेतच. परदेशातल्या मुलाकडे पहिल्यांदा निघालेले आईवडील त्यात बरेच असतात. त्यांना घाबरवायचं नसेल तर खालच्या चुका आधी घरातल्या तरुणांनी टाळल्या पाहिजेत.

एसटी-रेल्वेच्या हिशोबाने निघणं

ही सगळ्यात मोठी चूक. रेल्वेला पाच मिनिटं आधी स्टेशनात शिरलं तरी गाडी मिळते, हे आपल्या अंगात मुरलंय. विमानाचं तसं नाही. तिकिटावरची वेळ ही विमान हलायची वेळ असते. देशांतर्गत विमानासाठी सामान घेण्याचा काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो, आणि चढायचं गेट विमान सुटण्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी. त्यामुळे देशांतर्गत प्रवासाला दोन तास आणि परदेशी प्रवासाला तीन तास आधी दारात असायला हवं.

आता उलटा हिशोब करा. पुण्याहून दुपारी दोनचं विमान असेल तर बाराला लोहगावच्या विमानतळावर. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर, गाडीने साडेचार-पाच तास, वाटेत चहाला थांबणं वेगळं. टेंभुर्णी, इंदापूर, भिगवणपर्यंत रस्ता सरळ असतो आणि माणूस निर्धास्त होतो. खरा वेळ खातो तो लोणी काळभोर ते हडपसरचा पट्टा. थेऊर फाट्यावरून केसनंद-वाघोलीमार्गे लोहगावला निघता येतं, पण वाघोलीतही कोंडी होते, म्हणून त्या रस्त्यावर फार भिस्त ठेवू नका. एक तास जादा धरा आणि सहाच्या आत घर सोडा. सकाळचं विमान असेल तर आदल्या रात्री पुण्यातच मुक्काम करावा, हे माझं स्पष्ट मत. रात्रभर गाडीत डुलक्या काढत पोचलेल्या माणसाला विमानतळावर शांत राहा म्हणणं अन्याय आहे, त्याचं शरीरच थकून चिडलेलं असतं. दुपारच्या विमानाला हुतात्मा एक्स्प्रेस किंवा वंदे भारतने पुण्यात उतरणं हा रस्त्यापेक्षा कमी तापाचा मार्ग. स्टेशनवरून लोहगाव साधारण दहा किलोमीटर.

मुंबईहून विमान असेल तर सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी उतरून लगेच नऊ-दहाचं विमान पकडायचा बेत करू नका. गाडी तासभर उशिरा आली की सगळं कोसळतं. दुपारनंतरचं विमान घ्या. दादरहून मेट्रो ३ ने विमानतळाच्या टी-१ आणि टी-२ (टर्मिनल १ आणि २) या दोन्ही स्थानकांना जाता येतं, रस्त्यावरची कोंडी टळते.

हैदराबादचा पर्याय आपल्याकडे कमी जण विचारात घेतात. अंतर पुण्यापेक्षा जास्त, पण संगारेड्डीच्या पुढे आउटर रिंग रोड धरला की शहरात न शिरता थेट शमशाबादच्या विमानतळाला पोचता येतं. ज्यांना ट्रॅफिकनेच घाम फुटतो त्यांनी हा मार्ग एकदा तपासून बघावा.

आणि होटगी रोड? तिथे उलटी चूक होते. "दहा मिनिटांवर तर आहे की, निवांत जाऊ." विमानतळ छोटा असला तरी काउंटर बंद व्हायचा नियम तोच. घर जवळ असणाऱ्यांनाच उशीर होतो. वेळापत्रकही बदलत असतं, म्हणून आदल्या दिवशी कंपनीच्या अ‍ॅपवर वेळ पुन्हा बघा.

तिकीट न वाचता घडी घालून ठेवणं

तिकिटावर तीन गोष्टी बघायच्या: नाव, तारीख, टर्मिनल. नाव ओळखपत्राशी जुळलंच पाहिजे. आपल्याकडे लग्नानंतर आधारवर एक आडनाव, पॅन कार्डवर दुसरं, आणि तिकीट काढताना मुलाने तिसरंच लिहिलेलं, असं सर्रास होतं. हे दारावरच्या जवानासमोर कळलं तर कुणाचेही पाय लटपटतील. तिकीट काढल्याच्या दिवशीच तपासा. स्पेलिंगची छोटी दुरुस्ती कंपनीला लगेच कळवली तर सहसा होते.

तारखेची गफलत मध्यरात्रीच्या विमानात होते. १२ तारखेला रात्री १२:४० चं विमान म्हणजे ११ च्या रात्री विमानतळावर पोचायचं. मुंबईत टी-१ आणि टी-२ लांब लांब आहेत, आणि आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. टॅक्सीवाल्याला नुसतं "एअरपोर्ट" सांगू नका.

बॅग रात्री अकराला भरणं

घाईत भरलेली बॅग सिक्युरिटीला अडकते, आणि अडकली की माणूस बावरतो. सोलापूरच्या बॅगेत काय असतं हे आपल्याला माहीतच आहे, तेव्हा तेच घेऊ.

शेंगाचटणी चेक-इन बॅगेत, म्हणजे काउंटरवर द्यायच्या मोठ्या बॅगेत टाका. हँडबॅगेत तिखट, मसाले, लोणचं यावर हरकत घेतली जाते, आणि चटणीत तिखट असतंच. कडक भाकरी मात्र खुशाल हाताशी ठेवा, तिला कुणी अडवत नाही, आणि तुटू नये म्हणून ती हाताशीच बरी. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं. ओटीतलं किंवा प्रसादाचं खोबरं कुणीतरी प्रेमाने बॅगेत सरकवतं, तेवढं बघून घ्या.

घरातल्या मोठ्यांची पानाची चंची एकदा उघडून बघा. आत अडकित्ता असतो. तो हँडबॅगेत गेला तर काढून घेतात, आणि पन्नास वर्षं वापरलेली वस्तू अशी डोळ्यांदेखत डब्यात पडलेली बघणं आजोबांना फार लागतं. तो घरी ठेवा, नाहीतर कापडात गुंडाळून मोठ्या बॅगेत. काडेपेटी आणि लायटर कुठेच नको.

पॉवर बँकेचं उलट आहे, ती हँडबॅगेतच हवी. मोठ्या बॅगेत राहिली तर बॅग बाजूला काढतात, तुम्हाला बोलावून घेतात, आणि सुटायला वेळ असूनही जीव टांगणीला लागतो.

वजन घरीच करा. देशांतर्गत प्रवासात बहुतेक कंपन्यांच्या साध्या तिकिटावर मोठ्या बॅगेला १५ किलो आणि हँडबॅगेला ७ किलो असतात. नातेवाइकांसाठी दोन-तीन सोलापुरी चादरी घातल्या की काटा भराभर सरकतो. वजनकाट्यावर आधी नुसते उभे राहा, मग बॅग घेऊन, आणि वजाबाकी करा. काउंटरवर बॅग उघडून सगळ्यांसमोर कपडे काढत बसण्यासारखी दुसरी घालमेल नाही.

सिक्युरिटीत आपण संशयित आहोत असं वाटून घेणं

इथे काय होतं ते एकदा नीट डोळ्यांसमोर आणा. समोर ट्रे असतो. त्यात मोबाईल, घड्याळ, पट्टा, पाकीट, चिल्लर, लॅपटॉप बॅगेतून काढून. बोर्डिंग पास, म्हणजे विमानात चढायची चिठ्ठी, हातात. ट्रे मशीनमध्ये गेला की तुम्ही धातू शोधणाऱ्या चौकटीतून जायचं. बायकांची तपासणी पडद्याआड महिला जवान करतात. चौकट वाजली तर वाजू दे, बांगड्या, मंगळसूत्र, साडीची पिन, गुडघ्यातलं प्लेट, कशानेही वाजते. हातातलं यंत्र अंगावरून फिरवतात आणि सोडतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर आधीच सांगा, एवढंच.

बॅग बाजूला काढली तर तिच्याजवळ उभे राहा, विचारल्यावर उघडा, काय आहे ते सरळ सांगा. हे रोज शेकडो बॅगांचं होतं. जवानाचा आवाज कोरडा असतो, कारण तो सकाळपासून तीच चार वाक्यं बोलतोय. तो तुमच्यावर चिडलेला नसतो. पुढे जाण्याआधी ट्रे रिकामा झालाय का ते बघा. घाबरलेला माणूस पट्टा लावतो आणि मोबाईल विसरतो.

ज्येष्ठांना लांब चालणं जमत नसेल तर व्हीलचेअर ४८ तास आधी नोंदवा. "मला काय झालंय, मी चालतो की" असं वडील म्हणतीलच. त्यांना सांगा, खुर्ची ढकलणारा माणूस रस्ता दाखवायलाही असतो. एकट्याने जाणाऱ्या आईवडिलांसाठी याहून मोठा धीर नाही.

उपाशी पोट आणि चहावर चहा

घाबरल्यावर भूक मरते, मग माणूस चहा-कॉफीवर राहतो. रिकाम्या पोटी कॅफिन गेलं की छाती धडधडते, हात थरथरतात, आणि हीच भीतीची लक्षणं असल्यामुळे मन म्हणतं, बघ, काहीतरी होणार. निघण्याआधी हलकं खा आणि पाणी पीत राहा. लघवी लागेल म्हणून पाणी टाळू नका, स्वच्छतागृहं जागोजागी असतात.

बीपी-शुगरच्या गोळ्या हँडबॅगेत, चिठ्ठीसकट. इन्सुलिन तर मोठ्या बॅगेत कधीच नाही, सामानाच्या कप्प्यातल्या थंडीत ते गोठून खराब होऊ शकतं. आणि कुणी दिलेली झोपेची गोळी पहिल्यांदा विमानतळावर घेऊ नका. ती अंगाला कशी लागते हे माहीत नसताना गेटपाशी पेंग आली तर विमान निघून जाईल.

वीस जणांचा निरोप

आपल्याकडे निरोपाला सगळं घर येतं. प्रेमच आहे ते. पण तिकीट असल्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि दारातल्या रडारडीनंतर आत जाणारा माणूस हललेला असतो. निरोप घरी घ्या, विमानतळावर एक-दोघंच या. नंतर दर दहा मिनिटांनी "झालं का? पोचलात का? खाल्लं का?" असे फोनही करू नका. आत गेलेल्याने स्वतःच दोन फोन करायचे ठरवा: सिक्युरिटी झाल्यावर एक, गेटवर बसल्यावर एक.

गेटवर पोचल्यावर सैल सोडणं, किंवा उगीच रांग लावणं

दोन्ही चुका सारख्याच. मोठ्या विमानतळांवर हल्ली उद्घोषणा फारशा होत नाहीत, आणि गेट बदलतं. म्हणून अर्ध्या तासाने एकदा बोर्डावर आपला विमान क्रमांक बघा. पण चढायला सुरुवात झाली म्हणून गर्दीत घुसू नका. जागा बोर्डिंग पासवर छापलेली आहे, तिच्यावर कुणी रुमाल टाकणार नाही.

विमानाला उशीर झाला की अफवा सुरू होतात. शेजारच्याला विचारण्यापेक्षा काउंटरवर विचारा. अडीच तासांपर्यंतच्या देशांतर्गत प्रवासात दोन तासांहून जास्त उशीर होत असेल तर खाण्यापिण्याची सोय कंपनीने करायची असते, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. मागून घ्या, त्यात संकोच कसला.

एवढं करूनही छातीत धडधडलं तर

बसा. पाय जमिनीला टेकवा. चार आकडे मोजत श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर. बाहेर जाणारा श्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात, हे शरीराचं यंत्रच आहे, त्याला श्रद्धा लागत नाही. अशी लाट साधारण दहा मिनिटांत चढते आणि मग ओसरते. त्या दहा मिनिटांत "परत घरी जाऊ" हा निर्णय घेऊ नका. थोडं ओसरलं की उठून फेरी मारा. सोबतच्यांनी "घाबरू नकोस" म्हणत बसण्यापेक्षा हात धरून बरोबर मोजावं.

दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल, दरदरून घाम आणि धाप थांबत नसेल, तर ती भीती समजून अंगावर काढू नका. जवळच्या कर्मचाऱ्याला सांगा, मोठ्या विमानतळांवर डॉक्टर असतात.

विमान चुकलंच तर

गेटपाशी भांडून दार उघडत नाही. त्याच कंपनीच्या काउंटरवर जा, पुढच्या विमानात जागा आहे का आणि फरक किती हे विचारा, आणि ते कळेपर्यंत दुसऱ्या कंपनीचं तिकीट घाईने काढू नका. पुढचं पैसे परत न मिळणाऱ्या तिकिटांनाही लागू आहे, आणि फार थोड्यांना माहीत असतं: न केलेल्या प्रवासाचे सरकारी कर आणि विमानतळ शुल्क कंपनीने परत द्यायचं असतं. ते आपोआप येईल याची वाट बघू नका. अ‍ॅपवर किंवा ईमेलने अर्ज करा आणि पीएनआर, म्हणजे तिकिटावरचा बुकिंग क्रमांक, जपून ठेवा.