संकटात शांती मिळत नाहीये? मग आधी या चुका टाळा

आमच्या मंडळीत बायकांचा प्रार्थनेचा ग्रूप मी बरीच वर्षं सांभाळतेय आणि खरं सांगू का, संकटं दरवेळी नवी असतात पण चुका त्याच त्या. कुणाची नोकरी जाते, कुणाचं लग्न मोडतं, कुणाचा रिपोर्ट वाईट येतो, आणि तिसऱ्या दिवशी फोन, "ताई, एवढी प्रार्थना केली तरी मनाला शांती नाही, माझा विश्वासच खोटा आहे का हो?" तीन दिवस! डोकेदुखीची गोळी घेतल्यासारखं घड्याळ लावून बसतात लोक. राग येतो मला, पण यातली प्रत्येक चूक मी स्वतः करून बसलेय त्यामुळे फार बोलताही येत नाही.

डोळे मिटून वचन काढणं

ही माझी खास नावडती चूक, कारण तिने मला सगळ्यात जास्त रडवलंय.

नवऱ्याचं ऑपरेशन होतं. मी बाहेर बाकड्यावर पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, घेऊन बसलेले, हात थरथरत होते, आणि मनात म्हटलं प्रभू आता तूच बोल, आणि डोळे मिटून पान उघडलं. निघालं नहेम्या ७, म्हणजे बंदिवासातून परत आलेल्यांची यादी, पारोशाचे वंशज २१७२. म्हटलं हे काही आपल्यासाठी नसेल. परत उघडलं तर लेवीय १४, घराच्या भिंतीवर चट्टा पडला तर गिलावा कसा खरवडून काढायचा ते. तेही सोडलं. तिसऱ्यांदा उघडलं आणि यिर्मया २९:११! तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मला ठाऊक आहेत, ते हिताचे आहेत, वगैरे. झालं, मी जागेवर रडायला लागले. तिसऱ्या वेळेला आलेलं वचन देवाचं आणि पहिली दोन कुणाची, हा प्रश्न तेव्हा डोक्यात आलाच नाही.

बरं तिथे थांबायचं ना, तर नाही. ग्रूपवर मेसेज टाकला, प्रभूने वचन दिलंय, रिपोर्ट क्लियर येणार. सगळ्यांनी आमेन आमेन लिहिलं. पाच दिवसांनी रिपोर्ट आला, क्लियर नव्हता. दुसरं ऑपरेशन, पुढे आठ महिने ट्रीटमेंट. आणि तुम्हाला वाटेल आजाराचं दुःख मोठं असेल, तर त्याहून मोठं होतं देवाने फसवल्याचं दुःख. चार महिने मी शास्त्र उघडलं नाही. ग्रूपमध्ये जायचे, प्रार्थना घ्यायचे, घरी येऊन पुस्तक कपाटात ठेवायचे.

मग एकदा चिडूनच अध्याय २९ पहिल्या वचनापासून वाचला, म्हटलं बघू तरी नक्की काय म्हटलं होतंस. तर ते एक पत्र आहे! इ.स.पू. ५९७ मध्ये ज्या यहूदी लोकांना धरून बाबेलला (बाबिलोनला) नेलं त्यांना यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमहून लिहिलेलं. आणि अकराव्या वचनाच्या अगदी वर, दहाव्यात, स्पष्ट लिहिलंय की ७० वर्षं पुरी झाल्यावर मी तुम्हाला परत आणीन. सत्तर. म्हणजे ज्या मोठ्या माणसांनी ते पत्र पहिल्यांदा ऐकलं त्यातले बहुतेक तिथेच मरणार होते. आणि त्याच्याही वर, ५ ते ७ मध्ये, काय करायला सांगितलंय तर घरं बांधा, बागा लावा, लेकरांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्या शहरासाठी प्रार्थना करा.

त्याच्या आधीचा अध्याय तर वाचाच. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा आहे, तो सगळ्यांसमोर सांगतो दोन वर्षांत सगळं परत येईल, आणि यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू काढून मोडूनच टाकतो. लोकांना कोण आवडलं असेल विचार करा. हनन्या त्याच वर्षी मेला, आणि देवाने त्याला पाठवलंच नव्हतं हे यिर्मयाने त्याला तोंडावर सांगितलं होतं. त्या दिवशी मला कळलं की बाकड्यावर बसून मला देवाच्या तोंडून हनन्याचं बोलणं ऐकायचं होतं. देवाने त्या लोकांना तारीख जवळची दिली नाही पण विसरलो नाही एवढं नक्की सांगितलं, आणि तेराव्या वचनात आहे की मनापासून शोधाल तर मी सापडेन. रिपोर्टबद्दल तिथे अक्षर नव्हतं.

तेव्हापासून माझा नियम: वचन धरायचं तर आधी तो अख्खा अध्याय, मग त्याच्या मागचा, मग पुढचा. वेळ लागतो, लागू दे. आणि निकाल लागायच्या आधी साक्ष द्यायची नाही, म्हणजे देवाने अमुक केलं असं चारचौघांत सांगायचं नाही. (नवरा बरा आहे आता. पण ही गोष्ट सांगताना मी ते मुद्दाम शेवटी सांगत नाही, कारण लोक तेवढंच घेऊन जातात आणि म्हणतात बघा, वचन खरं ठरलं की.)

कुठल्या पापामुळे हे झालं ते शोधत बसणं

योहान ९:३ वाचा. शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल हाच प्रश्न विचारला होता, याने पाप केलं की आईबापाने, आणि येशूने दोन्ही पर्याय उडवले. पुढे.

रोज सकाळी मनाची नाडी तपासणं

ही दुसरी मोठी. सकाळी डोळे उघडले की आधी चेक करायचं, आज शांती वाटतेय का? वाटली तर मी तारलेली, नाही वाटली तर देव नाराज. हे करणारी माणसं चांगली असतात, प्रामाणिक असतात, आणि स्वतःला अक्षरशः पिळून काढतात.

जॉन वेस्ली माहीत असेल, मेथडिस्ट चळवळ सुरू करणारा इंग्रज उपदेशक. १७३६ च्या जानेवारीत तो जहाजाने अमेरिकेला जात होता, वादळात मोठं शीड फाटलं, लोक किंचाळायला लागले, आणि जहाजावरचे मोरावियन (एक ख्रिस्ती पंथ) लोक मात्र शांतपणे गाणं म्हणत राहिले. पाळक असलेला वेस्ली स्वतः घाबरलेला होता, आणि ते त्याच्या मनाला फार लागलं. पुढे २४ मे १७३८ ला लंडनमधल्या सभेत त्याला तारणाची खात्री वाटली, हृदय ऊबदार झालं असं त्याने लिहून ठेवलं. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पण जेमतेम सात-आठ महिन्यांनी, ४ जानेवारी १७३९ ला, त्याच माणसाने डायरीत लिहिलं की मी ख्रिस्ती नाही! आणि त्यानंतर तो १७९१ पर्यंत जगला, गावोगाव उपदेश करत. आता त्या जानेवारीत वेस्लीचं तारण गेलं होतं का? नाही ना. त्याची भावना गेली होती.

मला यात सगळ्यात उपयोगी पडलं ते दोन शांतींमधला फरक समजणं. रोमकरांस ५:१ मध्ये देवाबरोबर शांती आहे, म्हणजे भांडण मिटलं, खटला निकाली निघाला, आणि ते ख्रिस्तामुळे झालंय, माझ्या मूडमुळे नाही. फिलिप्पै ४:७ मध्ये देवाची शांती आहे, जी मनावर पहारा देते, तिथला मूळ ग्रीक शब्द पहारेकऱ्याच्या कामाचाच आहे. ही दुसरी कमीजास्त वाटते. माणूस दुसरी कमी वाटली की पहिली गेली असं धरून चालतो, आणि मग घोळ. योहान १०:२८-२९ मध्ये आपल्याला कुणी हिसकावून घेणार नाही असा येशूच्या हाताचा उल्लेख आहे आणि बापाच्या हाताचा आहे, आपली पकड किती घट्ट यावर त्या दोन वचनांत एक शब्द नाही.

आणि ज्यांना वाटतं आपला विश्वास फार कमी आहे त्यांनी मार्क ९ मधला, आजारी मुलाला घेऊन आलेला तो बाप बघावा, ज्याने येशूला सरळ सांगितलं की विश्वास आहे पण माझा अविश्वासही तूच घालव. येशू त्याला म्हणाला नाही की जा, आधी विश्वास वाढवून ये. मुलगा त्याच वेळी बरा केला.

माझी सवय सांगते, तुम्हाला पटेल असं नाही. मी सकाळी उठून दात घासायच्या आधी रोमकरांस ५:१ मोठ्याने म्हणते, आणि मग कसं वाटतंय हा प्रश्न दुपारपर्यंत विचारतच नाही. दुपारी कामात विसरून जाते.

चिंता वाटली म्हणजे पाप झालं असं समजणं

कशाचीही चिंता करू नका हे फिलिप्पै ४:६ लोक एकमेकांच्या तोंडावर मारतात. प्रेषित पौल ते लिहिताना कैदेत होता हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच पत्रात दोन अध्याय आधी, २:२७-२८ मध्ये, त्याचा सहकारी एपफ्रदीत मरता मरता वाचला म्हणून तो लिहितो की नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं, आणि त्याला तुमच्याकडे पाठवलं की माझं दुःख कमी होईल. कमी होईल म्हणतोय, म्हणजे तेव्हा होतं! हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

झोप, जेवण, डॉक्टर सोडून फक्त उपास-प्रार्थना

१ राजे १९. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतोय, देवदूत येतो आणि काय करतो? खायला देतो, झोपू देतो, परत उठवून खायला देतो. उपदेश शून्य. देवाशी बोलणं होतं ते पुढे डोंगरावर पोचल्यावर. आणि डिप्रेशनच्या गोळ्या विश्वासाने बंद करा असं सांगणारा भेटला तर त्याला विचारा, पौलाच्या सोबतीला लूक होता तो कोण होता, कलस्सै ४:१४. वैद्य. गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, विषय संपला.

दुसऱ्याच्या दारात लगेच वचन घेऊन उभं राहणं

सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री गप्प बसले, तेवढं एकच काम त्यांनी बरोबर केलं, तोंड उघडलं आणि बिघडलं, शेवटी ४२:७ मध्ये देवानेच त्यांना झापलं. आमच्या त्या आठ महिन्यांत मला रोमकरांस ८:२८ (सगळं मिळून भल्यासाठीच होतं, ते) किती जणांनी पाठवलं असेल, मी मोजणं सोडलं. एक मावशी मात्र दर बुधवारी यायच्या, घरातले कपडे घडी घालून ठेवायच्या, जाताना डोक्यावर हात ठेवायच्या आणि निघायच्या. मला त्या बुधवारांची आठवण आहे, मेसेज एकही आठवत नाही.

रडू दाबणं

मेलेल्या मित्राला, लाजराला, उठवणार हे माहीत असूनही येशू रडला. तुम्ही कोण लागून गेलात.

गोड स्तोत्रंच वाचणं

स्तोत्र २३ पाठ असतं सगळ्यांना, १२१ पण. ८८ कुणी उघडत नाही, कारण ते सुरुवातीपासून अंधारात आहे आणि संपतंही अंधारातच, शेवटी दिलासा वगैरे काही येत नाही. तरीपण ते प्रार्थना म्हणून शास्त्रात ठेवलंय आणि बोलणारा माणूस अजून देवालाच हाक मारतोय. ज्या रात्री काहीच वाटत नाही त्या रात्री मी तेच घेते, मोठ्याने, घाई न करता. आणि आवाजच फुटत नसेल तर ग्रूपमधल्या कुणाला तरी फोन लावते. मार्क २ मध्ये पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणलं आणि येशूने त्यांचा विश्वास पाहिला असं लिहिलंय, मग लाज कसली. फोन उचलला की एवढंच सांगते, तू वाच, मी ऐकते.