पेल्टियर प्लेट गार करायच्या ऐवजी तापतेय? या चुका टाळा

प्रोजेक्टचा सीझन आला की पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात छोटा कूलिंगचा डबा बनवायला १२७०६ नंबरच्या पेल्टियर प्लेटी, म्हणजे वीज दिली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होणाऱ्या चपट्या प्लेटी, घ्यायला पोरं येतात आणि मग तक्रार ठरलेली, आधी मस्त गार झाली पण थोड्या वेळाने दोन्ही बाजू तापल्या, प्लेट डुप्लिकेट निघाली. बहुतेक वेळा प्लेट चांगलीच असते हो, घोळ गरम बाजूला असतो.

करंट कुठल्या दिशेने वाहतो त्यावर उष्णतेची दिशा ठरते, वायर उलटी जोडली की उष्णता उलटीकडे जाते, १८३४ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पेल्टियरने दाखवलेला इफेक्ट तो हाच. पण उष्णता संपत नाही, ती हलते, आणि प्लेटने खाल्लेली वीजसुद्धा उष्णता होऊन तिच्यात मिसळते. हिशोब करा, १२ व्होल्टला ४ अँपिअर म्हणजे ४८ वॅट, डब्यातून २० वॅट उचलले तर हीटसिंकने, म्हणजे गरम बाजूला लावलेल्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याने, ६८ वॅट बाहेर टाकायला हवेत, आणि एप्रिलमध्ये पुण्यात खोलीच पस्तिशीच्या वर असते तेव्हा बिनफॅनचा छोटा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा काय करणार? त्यामुळे आधी फॅनवाल्या मोठ्या हीटसिंकवर खर्च करा, दुसऱ्या प्लेटवर नको.

गार होत नाही म्हणून व्होल्टेज वाढवत सुटू नका. उचललेली उष्णता करंटच्या प्रमाणात वाढते, पण आतल्या रेझिस्टन्सची उष्णता करंटच्या वर्गाने, म्हणजे एका मर्यादेनंतर गार बाजू उलट तापायला लागते. कमी करंटवर प्लेट जास्त किफायतशीर चालते.

हीटसिंक न लावता १२ व्होल्टवर 'जरा चेक' तर अजिबात करू नका, काही सेकंदांत आतलं सोल्डर वितळू शकतं, चेक करायला एक पेन्सिल सेल पुरतो.

प्लेट आणि हीटसिंकच्या मधे लावायची थर्मल पेस्ट पातळ लावा. स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा, एकच कोपरा दाबला तर सिरॅमिक तडकतं, आणि दोन्ही बाजूंना जोडणारा स्टीलचा स्क्रू असेल तर त्यातून उष्णता परत येते, नायलॉनचे वॉशर घाला. पावसाळ्यात गार बाजूला पाणी सुटतं, कडा सिलिकॉनने सील केलेल्या बऱ्या.

थर्मोस्टॅटची रिले (वीज चालू-बंद करणारा स्विच) बंद झाली की गरम हीटसिंकची उष्णता प्लेटमधूनच मागे डब्यात येते, म्हणून पूर्ण बंद-चालू करण्यापेक्षा करंट कमी-जास्त करणारा कंट्रोल घ्या. एच-ब्रिज (करंटची दिशा उलटवणारं सर्किट) वापरून दिशा बदलणार असाल तर तापवताना करंटची लिमिट वेगळी, कमी ठेवा, कारण तिकडे वीजेची उष्णता तुमच्याच बाजूने काम करते. आणि सेन्सरची बाजू चुकली तर कंट्रोलर गार करायच्या नादात तापवतच राहील, त्यामुळे पहिली ट्रायल ३ व्होल्टवर घ्या आणि कुठली बाजू गार होतेय ते हात लावून बघा.